छोल्यांचं पाणी

होळीला पुरण शिजलं की डाळीवरचं पाणी मोरीत जात नाही. कट निथळून घ्यायचा, त्याची झणझणीत आमटी करायची, हे आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. पण काबुली चण्यांच्या पाण्याला वाली नव्हता. छोले दाटसर हवेत म्हणून ते पिवळट, बुळबुळीत पाणी बिनदिक्कत ओतून द्यायचं. अन् नेमकं हेच पाणी फेटलं की त्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो.

हे ज्याच्या ध्यानात आलं तो आचारीही नव्हता. ज्योएल रोसेल हा फ्रेंच गायक. त्याने २०१४ साली डब्यातल्या कडधान्यांच्या पाण्याचा फेस करून दाखवला. पुढच्या वर्षी गूस वोल्ट या अमेरिकन माणसाने दाखवलं की नुसतं चण्याचं पाणी आणि साखर एवढ्यावरही मेरँग, म्हणजे एरवी अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून ओव्हनमध्ये सुकवलेला कुरकुरीत गोड पदार्थ, जमतं. त्याच २०१४ मध्ये आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण माझ्या ओव्हनमध्ये त्या सोबतच असतात.

बिनअंड्याचा केक ही आता काही नवलाई राहिली नाही. दही-सोडा, नाहीतर कंडेन्स्ड मिल्क, की काम झालं. अडायचं ते मेरँगपाशी. तिथे अंड्याचा फेस हाच पदार्थ, त्यातून अंडं काढलं तर उरतं काय? साखर! त्यामुळे ज्या घरात आम्लेटचा तवासुद्धा वेगळा ठेवतात, तिथे मेरँग कधी आलंच नाही.

चणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं. मग चणे जेमतेम बुडतील इतक्याच ताज्या पाण्यात मऊ शिजवायचे. मीठ नको, चहापत्तीची पुरचुंडी तर नकोच. शिजल्यावर त्याच पाण्यात गार होऊ द्यायचे. चांगलं पाणी बोटांना किंचित चिकटतं. पातळ वाटलं तर आटवायचं. चण्यातली प्रथिनं, स्टार्च आणि सॅपोनिन त्यात उतरलेली असतात, फेस धरतात ती हीच. एका अंड्याच्या पांढऱ्याऐवजी दोन मोठे चमचे पुरतात.

भांड्याला तुपाचा हात लागलेला नको, तेवढं जपायचं. बीटर फिरला की आधी नुसते बुडबुडे येतात आणि कच्च्या चण्यासारखा वास सुटतो. इथेच बरेच लोक हार मानतात. थोडा लिंबाचा रस घालून फिरवत राहिलं की पिवळटपणा जातो, मग पिठीसाखर चमच्याचमच्याने घालायची. हळूहळू पांढराशुभ्र, चकचकीत गोळा तयार होतो. भांडं उलटं केलं तरी पडत नाही.

माझी मोठी आई पाटावर बसून हे बघत होती. म्हणाली, "काय वं, पाणी घुसळून राहिली? लोणी निघते काय त्यातून?" ट्रे बाहेर आल्यावर एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "बत्तासाच आहे हा. पण अंडं नाही ना यात? खरं सांग." चण्याचा वास तिला आलाच नाही. त्याचं श्रेय मी संत्र्याच्या किसलेल्या सालीला देते. वरची केशरी तेवढीच किसायची. आतला पांढरा भाग कडू.

ओव्हन मात्र मंद हवा, शंभर अंशांच्या आसपास, दीड-दोन तास. अंड्याच्या पांढऱ्यात शंभर ग्रॅमला अकराएक ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने घट्ट होऊन फेसाला आधार देतात. चण्याच्या पाण्यात जेमतेम एक-दीड. म्हणून हा फेस भाजायचा नाही, सुकवायचा. नुसत्या अंड्याच्या फेसावर फुगणारे केक या पाण्यावर करायला जाऊ नये, बसतात.

सुकवायचंच म्हटल्यावर नागपूरसारखं गाव नाही. मृग बहाराचा संत्रा बाजारात असतो आणि मार्चची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. या दिवसांत केलेलं मेरँग डब्यात कुरकुरीत राहतं. जुलैत तोच डबा उघडा राहिला की तासाभरात चिकट लगदा. पावसाळ्यात मी ओव्हनला हात लावत नाही.

होळीच्या कटाला मात्र मी बीटर लावत नाही. तो आमटीचा, त्याच्या वाटेला जायचं नाही.

खरी पंचाईत निराळीच. एका ट्रेमागे पातेलंभर छोले उरतात. भटुरे झाले, चाट झालं, सॅलड म्हणून नुसतेही वाढून झाले. घरात कुरकुर सुरू झाल्यावर मी त्यांना सावजी मसाल्याचा रस्सा लावला. आता दोन घास झाले की सगळे नाक पुसत मेरँगचा डबा मागतात आणि पुढच्या ट्रेसाठी पुन्हा चणे भिजत घालावे लागतात.