पर्समध्ये काय ठेवू?

“ताई, मुलगी पुण्याला नोकरीला चाललीय, तिच्या पर्समध्ये काय ठेवू?” ठाण्यात मी मुलींना कराटे शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गापेक्षा भाजीच्या गाडीपाशी जास्त वेळा येतो. विचारणारी बहुधा आई असते आणि तिच्या मनात चाकू असतो.

चाकू नको. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, 2013 च्या जानेवारीत, शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले होते. तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. चाकू चालवायचा तर समोरच्याला हाताच्या अंतरावर येऊ द्यावं लागतं, आणि तो तेवढ्या जवळ आला की ज्याच्या अंगात जोर जास्त, त्याच्याकडे चाकू जातो. शिवाय माणसावर पातं चालवताना बहुतेकींचा हात क्षणभर अडतोच. डोळ्यांत तिखट मारायला मात्र कुणी कचरत नाही. जे वापरताना मन मागे खेचणार नाही आणि जे थोडं लांबून चालेल, तेच जवळ ठेवावं.

म्हणून पेपर स्प्रे. त्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. आत मिरचीचा अर्क असतो. कातडी प्रत्यक्षात भाजत नाही, पण उष्णता ओळखणाऱ्या नसा चेतवल्या जातात आणि मेंदूला आग लागल्याचीच वर्दी जाते. डोळे आपोआप मिटतात, खोकला सुटतो, अर्धा-पाऊण तास माणूस बेजार होतो. मिरचीपुडीची पुडी कनवटीला लावणाऱ्या आज्यांचं डोकं बरोबर चालत होतं. फक्त वारा उलटा असला की तिखट आपल्याच तोंडावर येतं. म्हणूनच धुक्यासारखा उडणारा स्प्रे घेऊ नका, धार मारणारा किंवा जेलचा घ्या. बंद काचांच्या कॅबमध्ये तो तुम्हालाही थोडा लागणारच. आणि विमानाच्या केबिन बॅगेत तो चालत नाही, आधीच काढून ठेवा.

वर्गात मी मुलींना पाणी भरलेली स्प्रेची छोटी बाटली पर्समध्ये टाकायला सांगते आणि दारातून त्यांच्या दिशेने चालत येते. पर्सची चेन, मग डबा, छत्री, चार्जरची वायर, रुमाल. मी खांद्यापाशी पोचते तरी बाटली बाहेर आलेली नसते. हातात आलीच तर बहुतेकजणी डिओ मारल्यासारखी तर्जनीने दाबतात. डबी मुठीत घट्ट धरायची आणि अंगठा वर ठेवायचा; झटापटीत बोटांची पकड सुटते, मुठीची सहसा सुटत नाही. अंगठ्यानेच खटका सारायचा, डोळ्यांच्या रेषेत आडवी धार मारायची आणि पळायचं. काय परिणाम झाला ते बघत उभ्या राहणाऱ्या मुली मला प्रत्येक बॅचला भेटतात! आणि डबीवरची तारीख वाचा. जुन्या डबीतला दाब उतरतो, मग धार पायाशीच पडते. अंधारी गल्ली आली की स्प्रे आधीच हातात हवा, पर्समध्ये नको.

विजेचा झटका देणाऱ्या टॉर्चबद्दल फार बोलत नाही. ती अंगाला टेकवावी लागते, म्हणजे पुन्हा चाकूचीच अडचण. शिवाय 2016 च्या शस्त्र नियमांनी टेझरसारखी उपकरणं परवान्याच्या कक्षेत आणली आहेत. त्यापेक्षा साधी शिट्टी बरी, तिला चार्जिंग लागत नाही. फोनचं पॉवर बटण झटपट दाबलं की 112 ला फोन लागतो. काही फोनवर तीनदा, काहींवर पाचदा. घरी बसून सेटिंग बघून घ्या.

कायद्याचंही थोडं. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा भारतीय न्याय संहिता देत नाही. 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वादात पेपर स्प्रे वापरणाऱ्यांवरचा खटला रद्द करायला नकार दिला; जिवाला धोका नसताना तो मारणं म्हणजे स्वसंरक्षण नव्हे, असं म्हटलं. पार्किंगच्या भांडणात डबी काढायची नाही, हे मुलीला सांगून ठेवा.

एवढं ऐकून आया खूश होतात. पुढचं ऐकायला त्यांना आवडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दिसतंय, की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, वरिष्ठ, मित्र. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी डबी आहे. लग्नाच्या हॉलमध्ये पाठीवरून हात फिरवणाऱ्या काकांवर ती कोण काढणार? तिथे आवाजच लागतो, आणि अनोळखी माणसावर किंचाळणाऱ्या मुलीचाही आवाज तिथे बसतो. त्यामुळे बॅचच्या शेवटच्या तासाला आम्ही एकच वाक्य घोटतो: “काका, हात काढा.” चारचौघांत, त्यांच्या डोळ्यांत बघून, आणि वाक्याच्या शेवटी ‘प्लीज’ न लावता. आवाज बारीक निघाला तर मी पुन्हा म्हणायला लावते.