तिसरा आला की आवाज जातो

जून २०२० मधली गोष्ट. कॉलेज बंद, पण कॉलेजचा सर्व्हर आणि मी, आम्हा दोघांना रोज हजर राहावं लागायचं. मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून निकालाचं सॉफ्टवेअर चालू ठेवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. त्यात लॉकडाऊनने नवीन काम दिलं: ऑनलाइन सभा.

पर्याय होते तसे. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलमध्ये एप्रिलअखेरीला चाराचे आठ जण झाले होते, आणि आमचा स्टाफ ३४. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी पडदा पडायचा. शिवाय १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही असं पत्रक काढलं होतं. ते कात्रण संस्थेच्या अध्यक्षांनी जपून ठेवलं होतं आणि 'झूम नको' असं बजावलं होतं. गूगल मीट मे महिन्यात सगळ्यांना मोकळं झालं होतं, ते सरळ वापरता आलं असतं. आता मागे वळून बघताना खरं सांगतो, मला स्वतःचा सर्व्हर उभा करायची खुमखुमी होती. जित्सी मीट हे ऑनलाइन सभेचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आपल्याच मशीनवर बसतं. "आपली माहिती आपल्याच कपाटात," असं मी प्राचार्यांना सांगितलं. वाक्य त्यांना आवडलं.

दोन दिवस खपून सर्व्हर उभा केला. चाचणीही केली, केली नाही असं नाही. पुण्यातल्या भावाला घरून कॉल लावला, आवाज खणखणीत. मग लॅबमध्ये तीन कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावून तिघांचा कॉल केला, तोही उत्तम. या दोन चाचण्यांच्या मधोमध जे भोक होतं, त्यातून अख्खा स्टाफ आत पडणार होता.

सभा सकाळी साडेदहाची. प्राचार्य, हेडक्लार्क आणि भौतिकशास्त्राचे सर कॉलेजातच, पण अंतर पाळायचं म्हणून तीन वेगळ्या खोल्यांत. बाकी ३१ जण आपापल्या घरून. प्राचार्यांनी स्वागत केलं, शासनाचं परिपत्रक वाचलं, विद्यापीठाच्या परीक्षांचं काय होणार यावर बोलले. सात मिनिटं. हेडक्लार्क मान डोलावत होते, भौतिकचे सर मध्येच "बरोबर, बरोबर" म्हणत होते. बाकीच्या चौकटी काळ्या. प्राचार्यांना वाटलं, लोकांनी लाजून कॅमेरे बंद ठेवलेत.

मी सर्व्हर रूममध्ये होतो. डाव्या बाजूची चॅटची पट्टी उघडली तर खाली ओळीमागून ओळ सरकत होती. "आवाज येत नाही." "मलाही नाही." "माझाच फोन खराब आहे का?" "सर दिसत पण नाहीत." एकाने नुसतेच तीन कान टाकले होते. निम्मे लोक रोमन लिपीतून मराठी लिहीत होते. फक्त मराठीच्या बाई शुद्ध देवनागरीत, पूर्णविरामासकट: "प्राचार्य महोदय, आपण बोलत असाल तर ते आम्हांपर्यंत पोहोचत नाही."

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. "अहो, लोक म्हणतायत ऐकू येत नाही. आम्हाला तर स्वच्छ येतंय!" प्राचार्यांच्या आवाजात माझ्यावरचा विश्वास अजून शिल्लक होता, याचंच जास्त टेन्शन आलं.

चॅट चालतेय, मग आवाज का नाही? बघणाऱ्याला पान एकच दिसतं, पण आतून रस्ते दोन आहेत. लिहिलेला मजकूर जातो साध्या वेबसाइटच्या वाटेने, ४४३ नंबरच्या दारातून. त्यामागे एक्सएमपीपी नावाची जुनी निरोपाची भाषा आहे. आम्ही कॉलेजात असताना गूगलच्या जीटॉक या चॅटचा हिरवा ठिपका दिसला की जीव भांड्यात पडायचा, ती जीटॉकही हीच भाषा बोलायची. आवाज आणि चित्र मात्र वेगळ्या दाराने, यूडीपी नावाच्या पद्धतीच्या १०००० नंबरच्या पोर्टने, म्हणजे दारानेच, जातात. राउटरवर मी ते पोर्ट उघडलं होतं. पुन्हा पाहिलं, उघडंच होतं. तरी बाहेरून त्यावर माहितीचं एकही पॅकेट येत नव्हतं.

पंधरा मिनिटं मी वायर, फायरवॉल, राउटर असा देव पाण्यात घालून बसलो होतो. आणि चॅटमध्ये बाईंची ओळ आली: "एक नोंद करते. सभा सुरू होण्यापूर्वी मी आणि अध्यक्ष दोघेच होतो, तेव्हा छान ऐकू येत होते. चहापाण्याची विचारपूसही झाली. तिसरे कोणी आले आणि आवाज गेला."

मी खुर्चीत मागे टेकलो. बाईंनी पूर्ण निदान लिहून दिलं होतं.

जित्सीत दोघंच असतात तेव्हा त्यांचा कॉल शक्यतो थेट जोडला जातो, या घरातून त्या घरात. सर्व्हर फक्त गाठ घालून बाजूला होतो. तिसरा आला की हे परवडत नाही. ३४ जणांनी एकमेकांना थेट जोडायचं म्हटलं तर ५६१ जोड्या होतात, आणि प्रत्येकाला स्वतःचं चित्र ३३ वेळा पाठवावं लागतं. आमच्या गावच्या इंटरनेटवर तीनदा गेलं तरी नवस फेडावा. म्हणून तिथे व्हिडिओब्रिज येतो. पंगतीतल्या वाढप्यासारखं काम त्याचं: प्रत्येकाने आपला जिन्नस एकदाच त्याच्या हाती द्यायचा, तो सगळ्यांच्या पानात वाढतो. भावाबरोबरच्या कॉलला वाढपी लागलाच नव्हता. लॅबमधल्या कॉलला लागला, पण तो घरच्याच पंगतीत वाढत होता.

क्रोममध्ये कॉलची आतली नोंद दाखवणारं एक पान असतं, ते उघडलं. ब्रिज सगळ्यांना आपला पत्ता सांगत होता: १९२.१६८.१.५०. हा कॉलेजच्या आतला पत्ता. म्हणजे पाहुण्याने विचारावं "कुठे राहता?" आणि आपण सांगावं "मागच्या खोलीत." ३१ घरांतले ३१ फोन ती मागची खोली आपापल्याच घरात शोधत होते. कुणाकडे तो नंबर टीव्हीला मिळालेला असेल, कुणाकडे कुणालाच नाही. कॉलेजात बसलेल्या तिघांना मात्र तोच पत्ता बरोबर लागू पडत होता.

ब्रिजच्या सेटिंगची फाइल उघडली. तिचं नाव तेव्हाही सिप-कम्युनिकेटर होतं, कारण २००३ साली एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याने स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला तेव्हा त्याचं नाव तेच होतं. फाइलमध्ये एक ओळ मुळात असते, बाहेरच्या एका सर्व्हरला विचारून स्वतःचा खरा पत्ता माहीत करून घेणारी. ती मीच बंद केली होती. 'आपली माहिती आपल्याच कपाटात' ना! बाहेरच्याला कशाला विचारायचं? ती बंद केली की खाली दोन ओळी हाताने लिहायच्या असतात, एकीत आतला पत्ता, दुसरीत बाहेरचा. त्या लिहायच्या राहिल्या. तेव्हा शिपाईमामा चहा घेऊन आले होते एवढं आठवतं. चहाला दोष देण्यात अर्थ नाही.

ओळी लिहायला एक मिनिट लागलं. पण ब्रिज बंद करून चालू करायचा तर सगळ्यांचा कॉल एकदा तुटणार, आणि चॅटचं काय होईल याची मला खात्री नव्हती. इकडे चॅटमध्ये वेगळंच घडलं होतं. आवाज येत नाही म्हटल्यावर बाईंनी सूत्रं हातात घेतली होती. "विषय क्रमांक १. मत असल्यास एका वाक्यात लिहावे." आणि लोक लिहीत होते! एरवी सभेत मागच्या बाकावर बसून पेपर वाचणारे इतिहासाचे सर चक्क तीन मुद्दे मांडून मोकळे झाले. एकाने दुसऱ्याला तोडण्याची सोयच नव्हती. प्राचार्यांनीही शेवटी टाइप करायला घेतलं, एका बोटाने. हेडक्लार्क सगळं वहीत उतरवत होते. मी फोन करून त्यांना विचारलं, "करू का चालू?" ते म्हणाले, "थांबा हो, ठराव क्रमांक चारचा अनुमोदक यायचाय."

अनुमोदक आला. मी ब्रिज चालू केला. सगळे बाहेर फेकले गेले, दहा-पंधरा सेकंदांत एकेक परत आले, काळ्या चौकटी भरल्या, आणि आवाज आला. सगळ्यांचा, एकदम. कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाकडे भाजीवाला, अध्यक्षांच्या वाड्यातला कोंबडा. "हॅलो, येतोय का?" असं अकरा जण एकाच वेळी विचारत होते. अध्यक्ष काहीतरी महत्त्वाचं बोलत होते असं ओठांवरून वाटत होतं, पण त्यांचा माइक बंद होता. विषय क्रमांक पाचवर दोन सर एकमेकांवर चढले. एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं की ऐकायचं नव्हतं, हे मला सर्व्हरच्या नोंदीतूनही कळलं नसतं.

पाच-सहा मिनिटं हे चाललं. मग डाव्या पट्टीत बाईंची ओळ उमटली:

"कृपया पुन्हा लिहूनच बोलू या."