मूळपुरुषाच्या मागावर: आधी जमीन, मग जनगणना

माझ्या सासरची कुळकथा एका वाक्यात संपत असे. मूळपुरुष पेनसिल्व्हेनियातून ओहायोत आला, त्याने जंगल तोडलं आणि कॅडिझ गावाजवळ शेती केली. कधी आला, नेमका कुठून आला, बायको कोण, यातलं काही कुणाला सांगता येत नव्हतं. सासरेबुवा आता ऐंशीच्या पुढचे. ते शेत एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे घराण्याचा शोध म्हटला की मला पहिल्यांदा जमिनीचे कागदच आठवतात. सासरचे नातलग मात्र वर्षानुवर्षं जनगणनेत अडकून बसले होते.

जनगणना वाईट नाही, पण जुन्या काळासाठी ती फार कंजूष आहे. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. तेव्हापासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं वयाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी मोजलेली. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य १८५० पासून दिसू लागतं. प्रमुखाशी नातं काय हे तर १८८० पासून. म्हणजे १८५० च्या यादीत एका घरात दिसणारी बाई बायको आहे, बहीण आहे की विधवा सून, हे कागद सांगत नाही.

आमचा माणूस १८५० मध्ये सापडला: वय सत्तरीचं, शेतकरी, जन्म पेनसिल्व्हेनियात, जमिनीची किंमतही लिहिलेली. बायको दिसत नव्हती, ती आधीच गेलेली असावी. तिथून मागे १८२० ला गेलो तर कॅडिझ ज्यात येतं त्या हॅरिसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) त्याच नावाचे दोन कुटुंबप्रमुख, दोघांच्या वयाचा रकाना एकच. नातलगांची गाडी इथेच रुतली होती. (१८२० चा तक्ता वाचताना सांभाळा: १६ ते १८ वयाच्या मुलांचा एक रकाना आहे आणि लगेच १६ ते २६ चा दुसरा. तीच मुलं दोन्हीकडे येतात. बेरीज केलीत तर घरात नसलेले मुलगे वाढतील.) त्याच्याही मागे जायचं तर ओहायोच्या १८०० आणि १८१० च्या याद्या जवळपास सगळ्या नष्ट झाल्या आहेत. त्या काळासाठी करभरणाऱ्यांच्या याद्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मग जमिनीकडे वळलो, आणि तेही घरबसल्या. केंद्र सरकारने जी जमीन पहिल्या खरेदीदारांना विकली तिच्या सनदा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. राज्य आणि आडनाव टाकायचं, बस. आमची सनद १८१२ ची निघाली, अध्यक्ष मॅडिसन यांच्या नावाने. तिथे दिसते ती सरकारी नोंदवहीतली नक्कल, त्यामुळे ‘अध्यक्षांची खरी सही’ म्हणून कुणी फ्रेम करून भिंतीवर लावू नये. मूळ सनद खरेदीदाराच्या हातात गेलेली असते. आम्हाला खरं सापडलं ते त्याच्या नावापुढे: ‘पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन काउंटीचा’. नातलगांना इतकी वर्षं न मिळालेली गोष्ट एका ओळीत हातात आली.

सनदेची तारीख म्हणजे माणूस तिथे आल्याची तारीख नव्हे. १८०० च्या कायद्याने जमीन एकरी किमान दोन डॉलरने उधारीवर मिळायची. १८०४ पासून १६० एकरांचा तुकडाही घेता येऊ लागला. म्हणजे ३२० डॉलर, पाव रक्कम सुरुवातीला, बाकी चार वर्षांत. शेवटचा हप्ता फिटला की मगच सनद. ती उधारी १८२० मध्ये बंद झाली, भाव सव्वा डॉलरवर आला आणि रोख मोजावी लागू लागली. तेव्हा १८२० च्या आधीची सनद दिसली तर माणूस बरीच वर्षं आधी तिथे नांगर धरून असणार, असं धरून चाला.

एवढं हातात आल्यावर ऑक्टोबरात पिट्सबर्गला उतरून गाडी घेतली. तिथून पाऊणएक तासावर ईस्ट लिव्हरपूल. गावाबाहेर, दोन राज्यांच्या हद्दीवर, रस्त्याच्या कडेला एक दगडी स्तंभ आहे. ३० सप्टेंबर १७८५ ला टॉमस हचिन्स यांनी इथून सरकारी जमिनीची मोजणी सुरू केली, आणि मोजणीची तीच चौकोनी जाळी पुढे पश्चिमेकडे पसरत गेली. खरा आरंभबिंदू स्तंभापासून १,११२ फूट दक्षिणेला आहे, आता ओहायो नदीच्या पाण्याखाली. मोजणी गुंटरच्या ६६ फुटी साखळीने झाली: ८० साखळ्या म्हणजे एक मैल. आपला गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस. सासरेबुवांना हे सांगितल्यावर पुढचा सगळा रस्ता ते शेतांचे गुंठे करत बसले.

ही जमीन ओसाड पडलेली नव्हती हेही सांगायला हवं. शॉनी, डेलावेअर आणि इतर मूलनिवासी लोकांचा तिच्यावर हक्क होता, आणि मोजणीदारांच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावं लागलं. नदीकाठच्या रस्त्याने खाली अर्ध्या तासावर स्टुबेनव्हिल लागतं. तिथला फोर्ट स्टुबेन १७८६-८७ मध्ये त्याच कामासाठी बांधला. आजचा किल्ला पुन्हा उभारलेला आहे. शेजारीच १८०१ ची ओंडक्यांची छोटी इमारत आहे, या भागाचं सरकारी जमीन कार्यालय. आमच्या माणसाने हप्ते भरले ते याच कार्यालयाकडे. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आधी चौकशी करून जा.

आता मोजणीतली एक खोच. टाउनशिप म्हणजे सहा मैलांचा चौरस, त्यात ६४० एकरांचे ३६ सेक्शन. आज कुठलाही नकाशा बघा, १ नंबर ईशान्य कोपऱ्यात असतो आणि आकडे नागमोडी जातात. पण पूर्व ओहायोत सर्वांत आधी मोजलेल्या सात उभ्या पट्ट्यांत आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात, दक्षिणेकडून उत्तरेला चढतात आणि पुढच्या रांगेत पुन्हा खालून वर. सनदेवरचा नंबर नव्या पद्धतीने लावलात तर दुसऱ्याच कुणाच्या शेतात जाऊन फोटो काढून याल. निघण्यापूर्वी जुना काउंटी नकाशा काढून त्यावर खूण करा.

दुसरी खोच काउंटीची. हॅरिसन काउंटी १८१३ मध्ये झाली. त्याआधी कॅडिझचा परिसर जेफरसन काउंटीत होता. म्हणून आमच्या माणसाची सुरुवातीची खरेदी-विक्रीची खतं जेफरसनच्या मुख्य गावी, स्टुबेनव्हिलला, नंतरची कॅडिझला. माणूस जागचा हलला नाही, हद्द मात्र त्याच्या डोक्यावरून सरकली. गाव ठरवण्याआधी काउंटी कधी आणि कशातून फुटली ते तपासा, नाहीतर एक चक्कर फुकट जाते.

कॅडिझ डोंगराळ, शांत गाव. हॉलिवूडचा जुना नट क्लार्क गेबलचा जन्म इथला, हे तुम्हाला सगळे सांगतील. मला कोर्टासमोरचा जॉन बिंगहॅम यांचा पुतळा जास्त भावला. अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतला ‘कायद्याचे समान संरक्षण’ देणारा भाग मुख्यतः त्यांच्या लेखणीतला, आणि आपल्या घटनेच्या कलम १४ मध्येही तेच शब्द आहेत.

जमिनीच्या वह्या काउंटी रेकॉर्डरच्या कार्यालयात असतात. विकणाऱ्यांची सूची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघायच्या. वह्या अवजड असतात, उचलण्याआधी टेबल रिकामं करून घ्या. या भागात शेल गॅसचा धंदा आल्यापासून तेल कंपन्यांसाठी मालकीहक्क तपासणारी माणसं याच वह्या उघडून बसलेली असतात. सकाळी दार उघडताना पोहोचा, आणि त्यांच्याशी गोड बोला. सूची कशी लावली आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

दोन सारख्या नावांचा गुंता सुटला तो इथे. त्या काळी जमीन विकताना बायकोला आपला विधवाहक्क, म्हणजे नवऱ्यामागे त्या जमिनीत मिळणारा वाटा, सोडावा लागे, आणि अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत की हे राजीखुशीने करते आहेस ना. त्यासाठी तिचं नाव खतात येई. एका माणसाच्या खतांत एक नाव, दुसऱ्याच्या खतांत दुसरं. दोन घरं सरळ वेगळी झाली. आमच्या मूळआजीचं नाव कुठल्याही जनगणनेत नाही, कारण नावं लिहायला लागण्याआधीच ती गेली. ते नाव उरलं आहे ते फक्त या विक्रीखतांत, खाली फुलीच्या निशाणीसह.

शेत बघायला गेलो. हॅरिसन काउंटीत कोळशासाठी टेकड्याच्या टेकड्या वरून खरवडून काढल्या आहेत. आमच्या सेक्शनचा मोठा भागही त्यात गेला. नंतर माती परत पसरून गवत लावलेलं. ओढा नकाशात होता तिथे नव्हता. सेक्शनच्या कडेने जाणारा रस्ता तेवढा सरळ, जुन्या रेषेवर. सासरेबुवा म्हणाले, “मग आपण रेषा बघायला आलो म्हणायचं,” आणि गाडीत जाऊन बसले. जमीन खाजगी असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी हरणांची बंदुकीची शिकार सुरू होते, तो आठवडा टाळाच.

कॅडिझहून वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया तासा-सव्वा तासावर. राज्याची हद्द ओलांडली की जमिनीचा सगळा कारभारच बदलतो. पेनसिल्व्हेनियात केंद्र सरकारची जमीन नव्हतीच, चौकोनी सेक्शनही नाहीत. खतातली चतुःसीमा पांढऱ्या ओकपासून सुरू होते, दिशेचे अंश आणि पर्च सांगत शेजाऱ्याच्या कोपऱ्यावर जाते आणि फिरून त्याच ओकला येते. पर्च म्हणजे साडेसोळा फूट, पाव साखळी. आपल्याकडे ‘विहिरीचं’, ‘माळाचं’ अशी शेतांना नावं असतात तशी तिथल्या सनदांत तुकड्यांनाही नावं असत. सूचीत आडनाव सापडलं नाही तर तुकड्याच्या नावाने शोधा. शिवाय हा कोपरा एके काळी व्हर्जिनियाही आपला म्हणत होती, त्यामुळे काही जुने हक्क व्हर्जिनियाच्या दाखल्यांवर उभे आहेत.

१७९० च्या यादीत या काउंटीत आमच्या आडनावाची अनेक घरं. त्यातलं बापाचं घर कोणतं, हे वारसांच्या एका खताने सांगितलं: बाप वारल्यावर सगळ्या भावंडांनी आपापला हिस्सा विकला होता, आणि त्यांत ‘ओहायोतल्या जेफरसन काउंटीचा’ मुलगा, सोबत बायकोचं नाव. तेच नाव, कॅडिझच्या खतांतलं. अशी वारसांची खतं सूचीत बहुधा पहिल्या सही करणाऱ्याच्याच नावाने लावलेली असतात. तुमचा माणूस तिसरा-चौथा असेल तर तो सूचीत दिसणार नाही. भावांच्या आणि जावयांच्या नावानेही बघा.

जाण्याआधी फॅमिलीसर्च या घराणी शोधायच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढा. हाताने लिहिलेल्या खतांच्या आतला मजकूर शोधायची सोय तिथे आता आहे, त्यामुळे सूचीत न दिसणारा तिसरा भाऊही सापडतो. काही वह्यांची चित्रं मात्र त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात बसूनच उघडतात. जुन्या हस्ताक्षरातला लांब एस हा एफसारखा दिसतो, आडनाव दोन्ही प्रकारे शोधा. शेजाऱ्यांची नावंही लिहून ठेवा. माणसं टोळीने स्थलांतर करत. मात्र जनगणनेची यादी आद्याक्षरांनी लावलेली असेल तर तिथे वर-खाली दिसणारे लोक शेजारी नसतात.

पूर्वज गुलामीत असलेल्या कुटुंबांसाठी हा रस्ता वेगळा आणि फार खडतर आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, माणसांची नावं जवळपास नाहीत. बहुतेकांना नावानिशी पहिली जनगणना मिळते ती १८७० ची. तिथेही मागे जायला मालकाची खतं आणि मृत्युपत्रंच धुंडाळावी लागतात.

राहायला स्टुबेनव्हिल सोयीचं, कॅडिझ तिथून अर्ध्या तासावर. आठवड्याचे कामाचे दिवसच धरा, शनिवारी कार्यालयं बंद. नकलांसाठी सुटे डॉलर ठेवा, कोर्टाच्या दारात खिशातला चाकू चालत नाही, आणि फोनने फोटो काढता येतात का हे आधी विचारा. पेनसिल्व्हेनियाच्या सनदांची आणि मोजणीची मूळ कागदपत्रं हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यांच्या नोंदवह्या ऑनलाइन आहेत, त्या पाहूनच तिथवर जायचं की नाही ते ठरवा. आमची ती फेरी बाकी आहे.