लागोपाठचे दोन नंबर

लग्न अडलं होतं. मुलगा मॉरिशसमधल्या कास्कावेलच्या मराठी घरातला, मुलगी त्याच गावातल्या दुसऱ्या मराठी घरातली. दोघंही शिकलेली, नोकरी करणारी, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी. अडचण तीच होती. ही दोन घरं स्वतःला भाऊबंद म्हणवतात. एकाकडे मयत झालं की दुसरं घर सुतक धरतं. भावकीत सोयरीक होत नाही, हा नियम मजूर म्हणून बोटीतून उतरलेल्या पूर्वजांनी सोबत आणला आणि अजून पाळला जातो. पण भाऊबंद ते कसे, कोणत्या पूर्वजापाशी दोन्ही घरं एक होतात, हे विचारलं तर कुणालाच सांगता येईना.

मुलाची आजी निवृत्त मराठी शिक्षिका. मॉरिशसच्या शाळांतून मराठी शिकवली जाते, त्यामुळे बाई बोलतात ते मराठी क्रमिक पुस्तकासारखं स्वच्छ. मी रत्नागिरीला मोडी कागद वाचून वंशावळी जुळवण्याचं काम करते. मी मॉरिशसला येणार आहे हे एका ओळखीच्या घरातून त्यांना कळलं आणि त्यांनी फोन केला. "ताई, आम्ही एका रक्ताचे आहोत की नाही, एवढं कागदावरून सांगाल का?"

मी म्हटलं, कागद जेवढं सांगेल तेवढंच सांगेन.

आपल्याकडे कोकणातल्या कुळवाडी घराची वंशावळ चार-पाच पिढ्यांमागे न्यायची म्हणजे महिनोन्‌महिने जातात. मॉरिशसचं तसं नाही. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं करारावर नेली गेली. त्यांची नोंद इंग्रज सरकारने ठेवली होती. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर धाडलं ते. शिवाय प्रत्येकाला एक नंबर, जो मरेपर्यंत पाठ सोडत नसे. लग्न, पोराचा जन्म, मृत्यू, सगळ्या दाखल्यांवर तो लिहिलेला सापडतो. माणसांवर लक्ष ठेवण्यासाठी, ती मळा सोडून पळाली तर धरून आणण्यासाठी केलेली ही व्यवस्था. आज तिच्याच आधाराने पणतू-खापरपणतू आपलं गाव शोधतात. हे रजिस्टर हाताळताना मला दर वेळी राग आणि कृतज्ञता एकदमच येते.

आदल्या संध्याकाळी बाईंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही दाखले मांडून बसलो. बाईंच्या यजमानांचा, त्यांच्या वडिलांचा, आजोबांचा, तिथून मागे पणजोबांच्या लग्नाचा. मुलीच्या आईनेही आपल्या घरचे दाखले बाईंकडे दिले होते, घरातल्या वडीलधाऱ्यांना न सांगता. नावांवर विसंबून चालत नाही. मूळ पुरुषाचं नुसतं नाव, समजा रामजी, पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसतं, आणि एकाच नावाची, एकमेकांशी संबंध नसलेली घरं बेटावर असतात. म्हणून मी नावं बाजूला ठेवली आणि फक्त नंबर शोधत गेले.

यजमानांच्या पणजोबांचा नंबर लग्नाच्या दाखल्यावर होता. मुलीच्या घरचा मृत्यूच्या दाखल्यावर, समासात, फिकट शाईत. शेवटचा आकडा सात की एक, हे भिंग लावूनही ठरेना. मग त्याच कारकुनाने त्याच पानावर तारखेत काढलेला सात शोधला. त्याच्या पोटात आडवी रेघ होती. नंबरातल्या आकड्यालाही तशीच बारीक रेघ होती. म्हणजे सात. यजमानांच्या पणजोबांचा नंबर त्याच्या अलीकडचाच, शेवटी सहा.

बाई कितीतरी वेळ दोन्ही कागदांवर बोट ठेवून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकाला गेलो. महात्मा गांधी संस्थेत हे सगळं दप्तर जपून ठेवलं आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डासाठीही लोक पूर्वजाचा दाखला घ्यायला इथे येतात. आम्ही दोन्ही नंबर दिले आणि नोंद समोर आली. १८५० च्या दशकातलं जहाज, मुंबईहून सुटलेलं. दोन ओळी, एकाखाली एक.

बापांची नावं वेगळी. वयं बावीस आणि एकोणीस. जात दोघांची कुणबी. जिल्हा रत्नागिरी. बाईंच्या घरात आजवर "आम्ही मुंबईचे" असं सांगत, कारण लग्नाच्या दाखल्यावर तसं आहे. असं पुष्कळ घरांत होतं. ज्या बंदरातून बोट सुटली तेच पुढे गाव म्हणून लागतं. इथे रजिस्टरात मात्र गाव होतं, दोघांचं एकच, आणि ते कारकुनाने एका ओळीत एका तऱ्हेने आणि खालच्या ओळीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलं होतं. मी दोन्ही मोठ्याने वाचून पाहिली. संगमेश्वर तालुक्यातली तीन गावं त्या उच्चारात बसतात. बाईंनी तिन्ही नावं माझ्याकडून वहीत लिहून घेतली. जहाज मजुरांचे फोटो काढण्याची पद्धत सुरू होण्याआधीचं, तेव्हा चेहरे मिळाले नाहीत. त्याचं बाईंना फार वाईट वाटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे रक्ताचं नातं नाही ना?"

घाई करावीशी वाटणारी जागा हीच असते. समोरच्याला काय ऐकायचं आहे ते कळत असतं. पण बापाची नावं वेगळी म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत, एवढंच ठरतं. चुलत भाऊ असू शकतात. एका गावचे, एका जातीचे, रांगेत एकापाठोपाठ उभे राहिलेले, तर ती शक्यता बरीच मोठी. मी तसं स्पष्ट सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, "चला, आहे तसं त्यांना सांगू."

कास्कावेल पश्चिमेला. वाटेत उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हाताने वेचून रचलेले. त्या ढिगांकडे पाहताना एकोणीस वर्षांचं वय आठवत राहिलं.

मुलीचे आजोबा ओसरीवर बसले होते. ते क्रिओल, म्हणजे बेटावरची बोली, बोलत आणि बाई मला मराठीत सांगत. मी नोंदीची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी पहिला प्रश्न केला तो लग्नाचा नव्हता. "पुढे कोण उभा होता, आमचा की तुमचा?" बाईंचा पुढे, असं कळल्यावर त्यांनी मान हलवली. थोरल्याचा मान दर सणाला बाईंच्या घराला का देतात, हे त्यांना तेव्हा उमगलं.

मग मला रत्नागिरीत कुणालाही सुचला असता तो प्रश्न सुचला. तुमचं देवक कोणतं? ज्यांचं देवक एक, ते एकमेकांत लग्न करत नाहीत. ज्यांची वेगळी, ते एका भावकीतले नसतात. आजोबांना देवक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी दुसऱ्या तऱ्हेने विचारलं. लग्नाच्या मांडवात खांबाला कसली डहाळी बांधता?

आतून आजींचा आवाज आला. वडाची. त्यांच्या सासूने बजावून ठेवलं होतं, दुसरी चालत नाही.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पिंपळाची."

मनात आलं, मूळ झाड बेटावर मिळालं नसेल आणि हाताला लागलं ते घेतलं असेल तर? पण वड आणि पिंपळ दोन्ही गावात आहेत. शेजारी राहून, एकमेकांच्या लग्नात राबून, दोन्ही घरांनी प्रत्येक वेळी आपापलीच डहाळी तोडली होती. हा फरक योगायोगाने राहत नाही. कागदावरून जे सांगता येत नव्हतं, ते आजींच्या सासूने सांभाळून ठेवलं होतं. आता मी बोलले. रक्ताची भावकी नसावी, असं मला वाटतं. एका गावाहून एका रांगेत आलेले हे दोघे भाऊ म्हणून राहिले असावेत.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाईंना काहीतरी विचारलं आणि बाईंचे डोळे भरून आले. मला मराठीत सांगायला त्यांना वेळ लागला. आजोबा विचारत होते, भाऊबंदांचं सुतक दहा दिवस असतं, सोयऱ्यांचं तीन. "उद्या मी गेलो तर तुम्ही माझं तीनच दिवस धरणार का?"

"दहाच धरू," बाई म्हणाल्या.

आजोबांनी मुलीच्या आईला हाक मारली आणि चहा ठेवायला सांगितलं.