सापाला हात न लावता मी आजारी पडले

माझ्या १४ वर्षांच्या मुलाने गेल्या दोन वर्षांपासून कॉर्न स्नेक नावाचा एक बिनविषारी साप पाळला आहे. त्याला खाऊ घालणे, त्याची काचेची पेटी साफ करणे, कात टाकण्याच्या दिवसांत पेटीतला ओलावा सांभाळणे ही सगळी कामे तो स्वतः आणि मन लावून करतो. मी त्या सापाला क्वचितच हातात घेते आणि ज्या दिवसांची हकिकत इथे सांगत आहे, त्यांच्या आधीच्या महिनाभरात तर मी त्याला स्पर्शही केला नव्हता. तरीही घरात आजारी पडले ते मीच. रोज साप हाताळणारा मुलगा ठणठणीत राहिला. असे का झाले याचा शोध घेताना जे कळले, ते साप, सरडा किंवा कासव पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

सुरुवात पोटात कळा येण्याने झाली. संध्याकाळपर्यंत ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि रात्रभर जुलाब होत राहिले. काहीतरी शिळे खाण्यात आले असेल असे समजून मी दोन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर काढले, परंतु तिसऱ्या दिवशी शौचात रक्त दिसले तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शौचाचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवला आणि नेहमीची विचारपूस झाल्यावर घरात एखादा प्राणी, विशेषतः सरपटणारा प्राणी आहे का, असे विचारले. साप आहे, पण मी त्याला हात लावत नाही, असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "हात लावावाच लागतो असे नाही."

अहवालात साल्मोनेला हा जीवाणू आढळला. पुढच्या तपासणीत तो साल्मोनेलाच्या 'अ‍ॅरिझोनी' या उपप्रजातीचा असल्याचे निष्पन्न झाले. ही उपप्रजाती सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये, त्यातही सापांमध्ये, नेहमी सापडणारी आहे, त्यामुळे संशयाला फारशी जागा उरली नाही. डॉक्टरांनी मला लगेच प्रतिजैविक दिले नाही, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. जंतू पोटात गेल्यापासून साधारण सहा तास ते सहा दिवसांत हा आजार सुरू होतो आणि निरोगी प्रौढ माणसात तो बहुधा चार ते सात दिवसांत आपोआप ओसरतो. अशा वेळी शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढणे हाच मुख्य उपचार असतो, आणि प्रतिजैविकांमुळे शौचावाटे जंतू बाहेर पडण्याचा काळ उलट लांबू शकतो, असे त्यांनी समजावून सांगितले. तान्ही मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेली माणसे यांची गोष्ट मात्र वेगळी असते, कारण त्यांच्यात हा जंतू आतड्यातून रक्तात आणि तिथून सांध्यांपर्यंत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत आणि आमच्याच घरात राहतात. पोटदुखीपेक्षा मला त्या रात्री याच विचाराने अधिक छळले.

बरी झाल्यावरही काही आठवडे माझ्या शौचातून जंतू जात राहण्याची शक्यता होती, म्हणून त्या काळात मी इतरांसाठी स्वयंपाक केला नाही आणि आम्ही शौचालये वेगळी वापरली.

त्यानंतर मी मुलाला जवळ बसवले. तो फार घाबरला होता, आपल्यामुळे आई आजारी पडली हे त्याच्या मनाला लागले होते. त्याला दोष द्यायचा नाही, पण वाट शोधायची, असे ठरवून सापाच्या देखभालीतले एकेक काम तो कसे करतो ते मी त्याला क्रमाने करून दाखवायला सांगितले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयुक्त तास तोच होता.

साप हाताळल्यानंतर तो हात साबणाने धुत होता, आणि तेही नीट. त्यात खोट नव्हती. पण सापाचे पाण्याचे भांडे तो स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, भांडी घासायच्या त्याच घासणीने घासत असे. सापाला त्या भांड्यात बसून राहायची सवय आहे आणि कित्येकदा तो त्यातच विष्ठा करतो. ज्या सिंकमध्ये सकाळी ते भांडे रिकामे होई, तिथेच दुपारी मी कच्च्या खायच्या भाज्या धुवत असे आणि त्याच घासणीने ताटे घाशीत असे. मुलाचे हात स्वच्छ होते, मळला होता तो सिंक, आणि त्या सिंकशी सर्वांत जास्त संबंध माझा येत होता. इतकी साधी गोष्ट दोन वर्षे आम्हा कोणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण आमचे सारे लक्ष हातांवर केंद्रित झाले होते.

आणखीही काही गोष्टी उघड झाल्या. खाद्य म्हणून आणलेले गोठवलेले उंदीर आमच्या रोजच्या फ्रीझरमध्ये, पातळ पिशवीत, खाण्याच्या पदार्थांना चिकटून ठेवलेले होते, आणि ते वितळवण्यासाठी कोमट पाण्याचा जो वाडगा घेतला जाई तो स्वयंपाकघरातलाच होता. गोठवल्याने जंतू मरतात असा आमचा समज होता. तो चुकीचा आहे. साल्मोनेला गोठवलेल्या अवस्थेत जिवंत राहतो. २०१० मध्ये अमेरिकेत सापांना खाऊ घालण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमुळेच माणसांमध्ये साल्मोनेलाची साथ पसरल्याची नोंद आहे. म्हणजे साप स्वतः पूर्णपणे निर्जंतुक असता, तरी त्याचे खाद्य आमच्या घरात हा जंतू आणू शकले असते. याशिवाय, कात नीट सुटत नसली की मुलगा सापाला न्हाणीघरातल्या आमच्याच बादलीत बसवत असे, आणि टाकलेली कात अभ्यासाच्या टेबलावर जपून ठेवत असे. कातही पेटीतल्या विष्ठेवरून घासली गेलेली असते, हे त्याला माहीत नव्हते.

पुढची पायरी पशुवैद्यांची होती. मी मनाशी एक अपेक्षा घेऊन गेले होते. सापाला औषध द्यावे, त्याच्या पोटातला जंतू नाहीसा व्हावा आणि प्रश्न कायमचा सुटावा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या त्या पशुवैद्यांनी सापाचे तोंड, खवले, डोळे आणि वजन काळजीपूर्वक तपासले, साप उत्तम प्रकृतीचा आहे असे सांगितले आणि औषध देण्यास स्पष्ट नकार दिला. साल्मोनेला हा सापाच्या आतड्यातला बहुधा निरुपद्रवी रहिवासी असतो. सापाला त्याचा त्रास होत नाही, त्यामुळे साप पाहून काही कळत नाही. प्रतिजैविके देऊन तो समूळ जात नाही, पण औषधाला न जुमानणारे जंतू मात्र तयार होऊ शकतात, आणि ते माणसापर्यंत पोहोचले तर उपचार अधिक कठीण होतात. 'पिंजऱ्यातच जन्मलेला आहे, तपासलेला आहे, त्याच्यापासून काही होत नाही' असे साप देताना विक्रेत्याने आम्हाला सांगितले होते, तेही मी त्यांच्या कानावर घातले. त्या म्हणाल्या, की साप हा जंतू सतत नव्हे तर अधूनमधून बाहेर टाकतो, म्हणून एका तपासणीत तो सापडला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. प्रवास, जागाबदल, थंडी अशा ताणाच्या काळात त्याचे प्रमाण वाढू शकते. विक्रेत्याच्या त्या एका वाक्यावर आम्ही दोन वर्षे निर्धास्त राहिलो याचे मला आजही वाईट वाटते. साप विकणाऱ्याने खरेदीदाराला पहिल्याच दिवशी हे सांगायला हवे.

सापाला निर्जंतुक करता येणार नाही हे एकदा मान्य केल्यावर काम सोपे नाही, पण स्पष्ट झाले. सापापासून तोंडापर्यंतची वाट तोडायची होती. आम्ही सापाचे सगळे सामान वेगळे केले. दोन बादल्या, एक टब, घासणी, चिमटा, हातमोजे, कागदी पुसणी हे सारे लाल पट्टी चिकटवून एका खोक्यात ठेवले आणि ते खोके स्वयंपाकघरात कधीही न्यायचे नाही असे ठरवले. पाण्याची दोन भांडी घेतली, म्हणजे एक धुवून वाळत असताना दुसरे वापरता येते. धुण्याचे घाण पाणी आता शौचालयात ओतले जाते आणि नंतर ती जागाही धुतली जाते. उंदीर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, एका लहान वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवतो आणि त्यांच्यासाठीच राखलेल्या डब्यात गरम पाण्याने वितळवतो. मायक्रोवेव्ह त्यासाठी कधीच वापरत नाही. उंदीर चिमट्यानेच द्यायचा आणि त्यानंतर ४८ तास साप हातात घ्यायचा नाही. हा दुसरा नियम सापाच्या पचनासाठी आहेच, पण खाल्लेले उलटून पडले तर जी घाण होते ती विष्ठेइतकीच धोकादायक असते.

जंतुनाशकाबाबत आमची एक मोठी चूक पशुवैद्यांनी दुरुस्त केली. मुलगा विष्ठेच्या डागावर थेट जंतुनाशक फवारून लगेच पुसून घेत असे. घाणीचा थर असेपर्यंत जंतुनाशक जंतूंपर्यंत नीट पोहोचतच नाही, म्हणून आधी घाण उचलायची, मग साबण आणि गरम पाण्याने घासायचे, आणि त्यानंतरच जंतुनाशक लावून ते ठरलेला वेळ ओले राहू द्यायचे. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असे द्रावण आम्ही दहा मिनिटे ठेवतो, मग भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळवतो. या वेळेत साप दुसऱ्या, हवेशीर आणि बंद डब्यात असतो. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही सफाईचे रसायन मिसळायचे नाही, कारण त्यातून विषारी वायू निर्माण होऊ शकतो. फिनॉलयुक्त द्रव तर सापाच्या पेटीजवळही नेऊ नये, ते सापांना विषारी असतात.

हात धुण्याचेही नवे वळण लावावे लागले. साबण लावून निदान २० सेकंद, नखांखाली आणि बोटांच्या मध्ये चोळून, वाहत्या पाण्याने. सॅनिटायझर पाणी नसेल तेवढ्यापुरताच, कारण हाताला घाण लागलेली असेल तेव्हा तो पुरेसा पडत नाही. साप मानेवर घेणे, चेहऱ्याजवळ नेणे, त्याचा मुका घेणे मुलाने बंद केले. हा शेवटचा नियम त्याला सर्वांत जड गेला, आणि मला त्याचे मन समजते. साप अंगाखांद्यावर घेतला असेल तर तो कपडे बदलतो. जेवणाचे टेबल आणि स्वयंपाकघर या दोन्ही ठिकाणी साप येत नाही.

साल्मोनेला एवढाच धोका नसतो, हेही ओघात कळले. बिनविषारी सापाचा चावा बहुधा किरकोळ असतो, पण त्याचे बारीक दात कधी जखमेत तुटून राहतात आणि तोंडातले जंतू आत जातात. म्हणून जखम साबणपाण्याने धुवायची, धनुर्वाताच्या लसीची तारीख पाहायची, आणि सूज किंवा लाली पसरू लागली तर डॉक्टरांकडे जायचे. सापांवरचे माइट्स, म्हणजे बारीक रक्तशोषक किडे, माणसालाही चावून अंगावर खाजरे पुरळ उठवू शकतात, म्हणून नवा साप आणला तर तो काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून पाहावा. रानातून पकडलेल्या सापांत परजीवींचे प्रमाण अधिक असते. आफ्रिकेतील अजगरांच्या श्वसनमार्गात राहणारा 'आर्मिलिफर' हा परजीवी तर सापाच्या स्रावांतून किंवा विष्ठेतून माणसाच्या पोटात जाऊन रोग निर्माण करू शकतो. याउलट, बोआ जातीचे साप आणि अजगर पाळणारे ज्याला फार घाबरतात तो इन्क्लुजन बॉडी डिसीज हा सापांचा विषाणुजन्य रोग माणसाला झाल्याचे ज्ञात नाही.

हे सगळे बसवायला आम्हाला सुमारे दीड महिना लागला. सासूबाईंच्या खोलीकडे सापाचे कोणतेही सामान जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि त्यांना ताप किंवा जुलाब झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, तेव्हा घरात साप आहे हे न विचारता सांगायचे, असे ठरवले. त्यांना आजवर काही झालेले नाही.

एवढी शिस्त लागल्यावर मला वाटले होते की प्रश्न संपला. तेवढ्यात माझी नणंद चार महिन्यांच्या बाळाला घेऊन वर्षभरासाठी आमच्याकडे राहायला येणार असे ठरले. पाच वर्षांखालील मुले असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे, आणि ६५ वर्षांवरील व दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसांबाबतही ती तेच सांगते. सासूबाईंच्या बाबतीत आम्ही, त्यांच्याशी बोलून आणि त्यांच्या संमतीने, खबरदारी घेऊन साप ठेवला होता. रांगू लागणारे, हाती येईल ते तोंडात घालणारे बाळ अशी संमती देऊ शकत नाही. मी मुलाशी बोलले. तो दोन दिवस गप्प राहिला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "आई, त्याला माझ्या मित्राकडे ठेवू या. त्यांच्याकडे लहान कोणी नाही."

साप आता त्या मित्राच्या घरी आहे, लाल पट्टीच्या खोक्यासह. मुलाने मित्राला आणि त्याच्या आईवडिलांना एक पूर्ण दिवस बसवून सगळी पद्धत करून दाखवली. दर रविवारी तो पेटी साफ करायला तिकडे जातो. परत आल्यावर आधी न्हाणीघरात जाऊन कपडे बदलतो, हात कोपरापर्यंत धुतो, आणि मगच बाळाला उचलून घेतो.