बोअरचं पाणी, हरित लवाद आणि भरपाई : माझा अनुभव

बडोद्याच्या आसपास बोअरला रंगीत पाणी लागलं की गावकरी वकिलाकडे एकच वाक्य घेऊन येतात : कंपनी बंद करा आणि पैसे मिळवून द्या. पहिल्याच बैठकीत मी या दोन मागण्या वेगळ्या करते. प्रदूषण थांबवण्यासाठी आणि सफाईसाठी गावाचा एकत्र अर्ज चालतो. भरपाईला मात्र माणसागणिक, विहिरीगणिक वेगळी फाइल लागते, आणि ती नसेल तर निकाल बाजूने लागूनही हातात काही पडत नाही.

आधी मुदत. राष्ट्रीय हरित लवाद म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीचं खास न्यायालय, त्याचा कायदा २०१० चा. त्याच्या कलम १४ खाली, म्हणजे प्रदूषण थांबवण्यासाठी, सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, कलम १५ खालच्या भरपाईसाठी पाच वर्षं मिळतात. दोन्हीकडे सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. दोन्ही मुदती कारण ‘पहिल्यांदा’ उद्भवलं तिथून मोजतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या निवेदनातलं ‘गेली पंधरा वर्षं पाणी खराब आहे’ हे वाक्य कंपनीचे वकील आनंदाने वाचून दाखवतात. पंधरा वर्षं सगळ्यांची नसतातच. नाल्याजवळची बोअर आधी बिघडते, लांबची नंतर. प्रत्येकाची तारीख वेगळी काढावी : मोटर कधी बंद केली, टँकर कधीपासून, पहिला तपासणी अहवाल कधीचा. दिवाणी कोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांनी कलम २९ वाचावं. लवाद जे देऊ शकतो ते मागायला तिथला दरवाजा बंद आहे.

गुजरातसाठी लवादाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. कामकाज इंग्रजीत, आपली कागदपत्रं गुजरातीत. सातबारा, पंचनामा, केसपेपर या सगळ्यांची भाषांतरं प्रतिज्ञापत्रासह जोडावी लागतात. यात जाणारा वेळ लोक हिशेबातच धरत नाहीत. फी मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान १,००० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उगाच कोटींचा आकडा टाकू नये, त्याचीही फी भरावी लागते.

अर्ज लिहिण्याआधी माहिती अधिकार. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कारखान्याचं नाव आणि कालावधी देऊन नेमकं मागावं : चालू संमतीपत्र (कारखाना चालवायची मंडळाची परवानगी), पाहणी अहवाल, नमुन्यांचे विश्लेषण अहवाल, जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळाने कारखान्याला दिलेले आदेश, घातक कचऱ्याची मॅनिफेस्टं (कचरा कुठून कुठे नेला याच्या पावत्या). ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केला की उत्तरही तसंच गोलगोल येतं. संमतीपत्र हाती आलं की खरं काम सुरू होतं, कारण कुठलं उत्पादन किती टन आणि सांडपाणी किती किलोलिटर, हे त्यातच असतं. कोणतं रसायन शोधायचं ते त्यावरून ठरतं.

आता नमुना. बहुतेक दावे मोडतात ते इथेच. घरातल्या बिसलेरीच्या बाटलीत भरून आणलेलं पाणी म्हणजे पुरावा नव्हे. मोटर चालू करून बोअरमधलं साचलेलं पाणी आधी काढून टाकावं. पीएच आणि वाहकता स्थिरावली की मगच भरावं. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली, नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली. फिनॉलसाठी काच आणि सल्फ्युरिक आम्ल. उडून जाणाऱ्या सॉल्व्हंटसाठी गडद काचेची छोटी कुपी, वर हवेचा बुडबुडाही नको. सगळं बर्फात, साधारण ४ अंशांवर. सील, सही, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, पंच, आणि कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं याची लेखी साखळी. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची आहे एवढ्यावर थांबू नये. ती मान्यता नेमक्या त्या घटकासाठी आहे का ते पाहावं. आणि भूजलाच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाची, कारखान्यापलीकडची एक विहीर हवीच. तुलनेला काही नसेल तर आकडा नुसता आकडा राहतो.

पादरा-जंबुसरकडे कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं : हा पट्टा समुद्राकडचा, खारेपणा नैसर्गिकच. म्हणून एकट्या टीडीएसवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांवर, दावा उभा करू नये. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकाची टीडीएस मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर २,०००. ती ओलांडणाऱ्या बोअर निव्वळ खाऱ्याही असू शकतात. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड सल्फेटच्या वजनाने सुमारे सातपट असतं. तुमच्या बोअरमध्ये दोन्ही जवळपास सारखे निघाले तर ते सल्फेट एकट्या समुद्राचं नाही. खत आणि जिप्समची शक्यता मात्र आपणच आधी खोडून काढावी. फिनॉल ०.००१ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर, एकूण क्रोमियम ०.०५ च्या वर, त्यासोबत रंग आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप), याचं उत्तर समुद्रात सापडत नाही.

कायदा बाजूने आहे. दिल्लीच्या ओलियम वायू प्रकरणापासून संपूर्ण दायित्व (धोकादायक उद्योगाला कसलीही सबब न चालता भरपाई द्यावी लागते), राजस्थानातल्या बिछरी गावाच्या १९९६ च्या निकालापासून ‘प्रदूषण करणारा भरेल’, आणि लवादाच्या कायद्यात अपघाताच्या प्रकरणांत कलम १७ चं दोषाविना दायित्व. पण दोष सिद्ध करायचा नाही याचा अर्थ संबंध सिद्ध करायचा नाही असा नव्हे. आजाराच्या बाबतीत तर हे फारच जड जातं. कॅन्सरचा दावा मी सहसा पुढे ठेवत नाही. तंबाखू, वय, कामाची जागा, सगळं उलटतपासणीत येतं. आधी पीक, जनावरं, बोअर निकामी, टँकरची बिलं. त्वचारोगाचे तारखेसह केसपेपर असतील तर ते नंतर. म्हैस मेली तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्यावं, नंतर काही उपयोग नाही.

लवाद बहुधा पाहणीसाठी सरकारी यंत्रणांची संयुक्त समिती नेमतो. तिच्या हातात विहिरींची यादी आणि नकाशा लेखी द्यावा, पाहणीला हजर राहावं, आणि उन्हाळ्यातला नमुना मागावा. पावसाळ्यात सगळं पातळ होतं. त्या दिवशी कारखाना बंद होता का, हे अहवालात लिहून घ्यावं. अहवाल नको तसा आला तर हरकत मुदतीत.

वर्तमानपत्रात येणारा मोठा आकडा बहुतेकदा पर्यावरण भरपाईचा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात लाल श्रेणीचा (सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांचा) निर्देशांक ८०, गुणक सहसा २५०. मध्यम कारखाना आणि वस्ती लहान असेल तर दिवसाला २०,००० रुपये, गुणिले उल्लंघनाचे दिवस. हा पैसा शेतकऱ्याचा नाही. कलम २४ प्रमाणे पर्यावरणाच्या हानीपोटीची रक्कम पर्यावरण मदत निधीत जाते. म्हणून अर्जातच व्यक्तीनिहाय तक्ता हवा : नाव, सर्व्हे नंबर, नुकसानीचा प्रकार, आधार, रक्कम.

तक्त्यातलं नाव सातबाऱ्यावरच्या आणि बँकेच्या नावाशी जुळलं पाहिजे. जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, पैसे नातवाला हवे असतात. वारसाईची नोंद तालुक्याच्या ई-धरा (जमीन नोंदींच्या) केंद्रात अर्जाआधीच करून घ्यावी. भावंडांच्या हरकती निघाल्याच तर त्या तेव्हाच निघालेल्या बऱ्या.