आमची वाटचाल : लग्नाच्या डीव्हीडीपासून अ‍ॅनिमेशन फिल्मपर्यंत

पुण्यात आम्ही सुरुवात केली ती लग्नाच्या डीव्हीडी करून देण्यापासून. पुढे पेनड्राइव्ह आले, डीव्हीडी संपल्या. त्याच सुमारास अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलं आपल्या फिल्म एन्कोड करून घ्यायला, म्हणजे टीव्हीवर चालेल अशा आटोपशीर फाइलमध्ये बसवून घ्यायला यायला लागली. आज आमचं बहुतेक काम त्यांचंच असतं, आणि ते मनापासून आवडतं.

कॅमेऱ्याच्या चित्रणाला चालणारी सेटिंग अ‍ॅनिमेशनला जशीच्या तशी लावू नयेत, हे आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगतो. हाताने काढलेल्या फिल्ममध्ये एकेक चित्र बऱ्याचदा दोन फ्रेम टिकतं. म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, पण चित्रं १२च. सारख्या फ्रेमना जागा जवळपास लागतच नाही. म्हणून ठरावीक बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) बांधून देण्यापेक्षा आम्ही सीआरएफ हे दर्जा ठरवणारं सेटिंग वापरतो. त्यात दर्जा कायम राहतो आणि प्रसंगाच्या गरजेप्रमाणे बिटरेट कमी-जास्त होतो. एक्स२६४ या एन्कोड करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा मूळ आकडा २३ असतो, आम्ही १६ ते १८ च्या आसपास राहतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि अर्थात फाइल मोठी.

खरी परीक्षा आभाळाची. संध्याकाळचं केशरी-जांभळं आभाळ ८ बिटमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी फाटतं, कारण प्रत्येक रंगाच्या पायऱ्या २५६च. १० बिटमध्ये त्या १०२४ होतात आणि छटा एकमेकींत विरघळतात. पण १० बिटचं एच.२६४ (एक्स२६४ बनवतं तो व्हिडिओचा प्रकार) पुष्कळ टीव्ही वाजवतच नाहीत, म्हणून १० बिट द्यायचं तर त्याच्या पुढच्या एच.२६५ मध्येच. ८ बिटचीच अट असेल तर रंगात बारीक रवा, म्हणजे बारीक ठिपक्यांचा खडबडीतपणा, मिसळून घेतो. पट्टे बरेच झाकले जातात.

एक्स२६४ मध्ये ‘ट्यून अ‍ॅनिमेशन’ असा तयार पर्याय आहे. सपाट रंग, स्वच्छ रेषा असतील तर तो उत्तम. मात्र जलरंगात रंगवलेली पार्श्वभूमी असेल, कागदाचा पोत दिसत असेल, तर आम्ही त्याला हात लावत नाही. एन्कोड करताना चित्राचे छोटे चौकोनी ठोकळे पाडले जातात; त्यांच्या कडा मऊ करणारा त्यातला भाग तो पोतही पुसून टाकू शकतो, आणि चित्रकाराने त्यासाठीच तर रात्री जागवलेल्या असतात.

एका गोष्टीला मात्र सेटिंगमध्ये उपाय नाही. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठवली जाते, उजेडाची पूर्ण राहते. त्यामुळे हिरव्या साडीवरची तितक्याच उजळपणाची बारीक लाल किनार धूसर होते. किनार थोडी गडद किंवा फिकी केली की ती नीट उठून दिसते. हे रेंडरच्या, म्हणजे अंतिम फ्रेम तयार होण्याच्या, आधीच ठरवावं लागतं, म्हणून हल्ली आम्ही पात्रांचे रंग पक्के होण्याआधीच मुलांना बोलावून घेतो आणि दोन-तीन फ्रेम एन्कोड करून टीव्हीवर दाखवतो. त्या बैठकीचे पैसे घेत नाही.